टाळूवरील तेल

जळगांवकडील केळीच्या बागांचा मुलूख घ्या कीं धुळ्याकडील पांझरेचें खोरें घ्या, खानदेशांत न्हाऊ घालणारी बाई तान्ह्या मुलास पायांवर घेते, ती त्याची टाळू तेलानें भरल्यावांचून उठत नाहीं. ‘टाळू भरणें’ या शब्दांतच तेथें कांहीं उणें आहे व तें भरून काढावयाचें आहे, ही लोकांची समजूत दिसून येते. ही चाल किती जुनी आहे याचा दाखला चरकसंहितेच्या शारीरस्थानांत मिळतो. नवजात बालकाच्या टाळूवर स्नेहांत भिजविलेला कापसाचा बोळा ठेवावा, असें तेथें सांगितलें आहे. सुश्रुतानें तर कवटीच्या सांध्यांस ‘तुन्नसेवनी’, म्हणजे शिवणीसारखे सांधे, म्हटलें व मस्तकावरील पांच सीमंत मर्मांत गणले. त्या जागा जपाव्या, हा त्याचा रोख.

आतां पश्चिमेकडे पाहूं. अँड्र्यू टेलर स्टिल यानें १८९२ सालीं अमेरिकेंत कर्क्सव्हिल येथें ऑस्टिओपॅथीची, म्हणजे हाडें व स्नायू हातांनीं हाताळून रोग बरे करण्याच्या पद्धतीची, शाळा काढली. तेथील विद्यार्थी विल्यम सदरलंड यास सुट्या केलेल्या कवटीचीं हाडें पाहून वाटलें कीं, हीं माशाच्या कल्ल्यांप्रमाणें हालत असावींत. या कल्पनेवर त्यानें मस्तकाची हलक्या हाताची चिकित्सा उभारली व १९३९ सालीं तिजवर पुस्तक प्रसिद्ध केलें. ही चिकित्सा आज तान्ह्यापासून वृद्धापर्यंत सर्वांवर केली जाते. परंतु प्रौढाच्या कवटीचीं हाडें अशीं लयीनें हालतात, यास भरंवशाचा पुरावा मिळालेला नाहीं. एकाच डोक्यावर दोन चिकित्सकांनीं मोजलेली लयही परस्परांशीं जुळत नाहीं, असें तपासणींत आढळून आलें आहे.

यावर कोणी अभिमानी गृहस्थ म्हणेल कीं, अमेरिकेस जें काल कळलें तें आमच्या सुइणीस पूर्वींच ठाऊक होतें. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं. सुश्रुतानें शिवण पाहिली. सदरलंडनें हालचाल कल्पिली. एकाच्या प्राचीनतेनें दुसऱ्याचें मत सिद्ध होत नाहीं. चालीचें वय हा तिचा इतिहास होय, तिचें प्रमाण नव्हे.

हा वाद केवळ पांडित्याचा असता तर आम्ही तो काढलाच नसता. पुढची टाळू साधारणतः दीड वर्षाच्या सुमारास भरून येते, ती हाडांच्या वाढीनें, तेलानें नव्हे. खानदेशच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. अशा दिवसांत मूल जुलाबानें सुकलें म्हणजे टाळू खोल जाते. ही खूण न्हाऊ घालणारीच्या बोटांस कित्येकदां सर्वांआधीं कळते, आणि हाच तिच्या हाताचा खरा गुण. पण त्या खळग्यांत तेल भरीत बसल्यास मूल हातचें जावयाचें! त्यास पाणी हवें असतें. १९७१ सालीं बनगावच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालनोबिस यांनीं मीठ-साखरेचें पाणी पाजून पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वांचविले, हा इतिहास आमच्या घराघरांत माहीत असावयास पाहिजे.

हलक्या हातानें मूल निजतें, थकल्या जीवासही बरें वाटतें. तेवढें श्रेय हातास अवश्य द्यावें. मात्र टाळूवर बोट टेकतांच खळगा लागला, तर तेलाची वाटी बाजूस ठेवावी, अंगावरचें दूध चालू ठेवून जलसंजीवनी पाजावी आणि तडक दवाखाना गांठावा.