अंगाने बारीक, तरी रक्तात साखर कशी? चयापचय, हार्मोन आणि कोकणातलं ताट

रत्नागिरीपासून साधारण २० किलोमीटरवर असलेलं पावस लोकांना दोन गोष्टींमुळे माहीत आहे: स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर आणि हापूसची कलमं. या पट्ट्यातली जुनी माणसं सहसा अंगाने सडपातळ. घाटी चढायची, बागेत राबायचं, पावसाळ्यात लावणी. त्यामुळे मधुमेह हा शहरातल्या, सुटलेल्या पोटाच्या लोकांचा आजार, असा समज इथे आणि एकूणच कोकणात घट्ट बसलेला आहे. अंगावर मांस नाही म्हणून कुणी रक्त तपासायला जात नाही. मग पायाची जखम महिनाभर भरत नाही किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासणी होते, आणि साखर ३०० च्या घरात निघते.

वजनकाट्यावर न दिसणारं शरीरात काय चाललेलं असतं, ते समजून घ्यायचं तर सुरुवात भाताच्या ताटापासून करावी लागेल.

चमचाभर साखरेचा हिशोब

खाल्लेल्या अन्नातून शक्ती काढणं, ती वापरणं आणि उरलेली साठवणं या सगळ्या उलाढालीला चयापचय म्हणतात. निरोगी माणसाच्या संपूर्ण रक्तात एका वेळी फक्त ४ ते ५ ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे चहाचा एक चमचा. ताटभर भात खाल्ला की ६० ते ८० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जातात आणि पुढच्या दोन-तीन तासांत त्यांचं ग्लुकोज होऊन ते रक्तात उतरतं. तरीही रक्तातला तो 'एक चमचा' फारसा वाढू द्यायचा नसतो.

हे काम इन्सुलिनचं. स्वादुपिंडातून निघणारं हे हार्मोन स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशींना साखर आत घ्यायला लावतं. यात सर्वात मोठं कोठार स्नायूंचं. स्नायू भरपूर आणि वापरातले असतील तर जेवणानंतरची साखर तिथे सहज मावते. ते कमी असतील तर तीच साखर रिचवायला जास्त इन्सुलिन लागतं. उरलेल्या साखरेची यकृत चरबी करतं. ती चरबी यकृतात आणि पोटातल्या अवयवांभोवती साठू लागली की इन्सुलिनचा प्रभाव आणखी कमी होतो. स्वादुपिंड काही वर्षं जोर लावून जास्त इन्सुलिन सोडत राहतं. या काळात रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि माणूस निर्धास्त असतो. स्वादुपिंड थकलं की साखर चढते.

म्हणजे एकूण वजनापेक्षा स्नायू किती, चरबी कुठे आणि स्वादुपिंडात दम किती, हे प्रश्न महत्त्वाचे. बारीक माणूस या तिन्हींत नापास होऊ शकतो.

दोन डॉक्टर, एकच बीएमआय

हे सगळ्यात सोप्या रीतीने दाखवलं ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघंही कागदावर 'योग्य वजनाचे'. पण चरबीचं प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त!

भारतीयांसाठी बीएमआयची रेषा खाली आणली गेली ती अशाच पुराव्यांमुळे. युरोपीय लोकांत २५ च्या वर जास्त वजन धरतात, आपल्याकडे २३ पासूनच सावध व्हायला सांगतात. त्याहून सोपं माप कमरेचं. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर ओलांडली की आतली चरबी वाढल्याचा संशय घ्यायचा, मग हातपाय काडीसारखे असले तरी.

सुरुवात जन्माआधीच

ही चरबी येते कुठून? बैठ्या कामाने आणि खाण्याने येतेच, पण गोष्ट त्याच्याही आधी सुरू होते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ मध्ये याज्ञिक यांच्या गटाने गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. नवल पुढे आहे. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला किरकोळ, आतून चरबीदार. अशा बाळांना 'थिन-फॅट बेबी' हे नाव पडलं.

आईच्या पोटात अन्न अपुरं पडलं की गर्भ काटकसर करतो. मेंदूला आधी पुरवतो, स्नायू आणि स्वादुपिंड मागे पडतात. साउदम्प्टनचे डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी निकोलस हेल्स यांनी १९९२ मध्ये ही कल्पना मांडली होती.

पुण्याच्या त्या मुलांचा पाठपुरावा पुढे चालूच राहिला. ती १८ वर्षांची झाली तेव्हा तपासलेल्या ६१९ जणांपैकी जवळपास निम्म्यांचं वजन कमी भरलं, बीएमआय १८.५ च्याही खाली. आणि तरी ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुलींची साखर ठीक नव्हती. बहुतेक सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. खेड्यातली, कष्टाच्या घरातली, अठरा वर्षांची मुलं ही! जाड माणसांचा आजार, हे म्हणणं इथे संपायला हवं.

याच अभ्यासात आणखी एक धागा सापडला तो ब१२ जीवनसत्त्वाचा. गर्भारपणात बऱ्याच जणींना त्याची कमतरता होती. ज्या आयांमध्ये ब१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. ब१२ मासे, अंडी, मटण आणि दुधातून मिळतं, भाजीपाल्यातून नाही. पावससारख्या किनाऱ्यावरच्या गावात ते ताटात सहज यावं. पण शाकाहारी घरं आहेत, सोमवार-गुरुवार-शनिवारचे वार आहेत, श्रावण आहे. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुकट आणि सुक्या बोंबलांवर भागतं. ते खारवलेले असल्याने रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र बेताने खावेत.

मुलींच्या खाण्याचा प्रश्न म्हणूनच फक्त त्यांच्यापुरता राहत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातच, चिपळूण तालुक्यात, डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने किशोरवयीन मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे तो यासाठीच. आज सोळा-सतरा वर्षांची असलेली मुलगी उद्या आई होईल, तेव्हा तिच्या शरीरात शिल्लक काय असेल, हा त्यातला प्रश्न आहे. घरात सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं जेवणारी बाई हा या साखळीतला सर्वात दुर्लक्षित दुवा.

बारीक माणसांचा मधुमेह एकाच प्रकारचा नाही

इथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो. थिन-फॅट माणसात चरबी जास्त असते आणि इन्सुलिन असूनही ते नीट चालत नाही. पण काही खरोखर कृश माणसांत चरबीही नसते. लहानपणापासूनच्या कुपोषणामुळे त्यांचं स्वादुपिंड पुरेसं इन्सुलिन बनवतच नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये हा प्रकार वेगळा असल्याचं दाखवलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप ५' असं नाव दिलं. अशा रुग्णाला 'वजन उतरवा, कमी खा' हा सल्ला उलटा पडतो. त्यामुळे शेजाऱ्याची गोळी आणि शेजाऱ्याचं पथ्य उचलू नये.

इतर हार्मोन काय करतात?

इन्सुलिन एकटं नसतं. ताण आणि जागरणाने कॉर्टिसॉल वाढतं आणि ते यकृताला साखर सोडायला लावतं. रात्री पाण्यावर जाणारे मच्छीमार, आंब्याच्या दिवसांत रात्रभर पेट्या भरणारे लोक आणि शिफ्टची नोकरी करणारे, सगळे यात येतात. झोप कमी झाली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं. थायरॉईड मंदावला की एकूण उलाढालच मंदावते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि बाईची चरबी नितंबांवरून पोटाकडे सरकते.

पीसीओडीचंही नातं इथेच आहे. रक्तात इन्सुलिन जास्त राहिलं की बीजांडकोश पुरुषी हार्मोन जास्त बनवतो. मग पाळी लांबते, चेहऱ्यावर लव येते. बारीक मुलीलाही हे होतं. 'लग्न झालं की होईल ठीक' म्हणून ते सोडून देणं धोक्याचं, कारण अशा मुलींना पुढे मधुमेहाची शक्यता जास्त असते.

पावसच्या ताटात काय बदललं?

जुन्या ताटात भात होताच, तोही भरपूर. पण बऱ्याच घरांत तो उकड्या तांदळाचा. भात उकडून मग भरडला की कोंड्यातलं ब१ जीवनसत्त्व दाण्यात मुरतं आणि पिष्ट जरा सावकाश पचतं. जोडीला कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, बांगडा-तारली, परसातली भाजी. आणि दिवसभराची मेहनत, हे विसरायचं नाही. ताटभर भात खाऊन दोन घाटी चढणाऱ्याच्या स्नायूंत ती साखर जिरत होती.

आता भात पांढराशुभ्र झाला, दाराशी दुचाकी आली आणि चहासोबत बिस्किटं, खारी, फरसाण आलं. भाताचा ढीग मात्र तेवढाच राहिला. देशभरातच माणसाच्या रोजच्या ऊर्जेतला सुमारे ६२ टक्के वाटा पिष्टमय पदार्थांचा आहे. किनाऱ्याचं खाणं आपोआप वाचवतं असंही नाही. २०२३ च्या आयसीएमआर-इंडिॲब पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, शेजारच्या गोव्यात आढळलं. देशाचा आकडा ११.४ टक्के होता.

भात सोडायची गरज नाही. तो एक-दोन मुदींवर आणायचा आणि उरलेली जागा कुळीथ, डाळ, मासे, अंडी, भाजीने भरायची. आधी भाजी आणि मासे, मग भात, एवढा क्रम बदलला तरी साखरेची उसळी कमी होते. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालावं. चालणारा स्नायू इन्सुलिनची फार वाट न बघता साखर ओढून घेतो. आणि नुसतं चालणं पुरत नाही. स्नायू वाढायचे तर वजन उचलणं, उठाबशा, चढ चढणं हवं.

आणि हापूस?

पावसमध्ये हा प्रश्न टाळता येत नाही. मध्यम हापूसच्या गरात साधारण २० ते २५ ग्रॅम साखर असते, पण सोबत तंतू आणि पाणीही असतं, त्यामुळे एक आंबा हा काही विषाचा पेला नाही. गडबड होते ती साखर घातलेला वाटीभर आमरस, चार पुऱ्या आणि वर भात, या जेवणाने. साखर आटोक्यात असेल तर अर्धा किंवा लहान एक आंबा, चिरून, भाताऐवजी किंवा दोन जेवणांच्या मध्ये चालतो. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघावं. प्रत्येकाचं शरीर वेगळं उत्तर देतं.

तपासणी कुणी, कोणती?

घरात कुणाला मधुमेह असेल, जन्मवजन कमी होतं, गर्भारपणात साखर वाढली होती, पीसीओडी आहे किंवा कंबर वर दिलेल्या मापाबाहेर आहे, अशांनी वजन न बघता तपासावं. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ पासून मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीत ५.७ ते ६.४ हा उंबरठा आणि ६.५ पासून मधुमेह. लक्षणं नसतील तर निदान पक्कं करण्याआधी तपासणी पुन्हा करतात. अंगात लोह किंवा ब१२ कमी असेल तर एचबीएवनसी खोटा वाढलेला दिसू शकतो, म्हणून ॲनिमिया असलेल्या बाईने डॉक्टरांना तसं सांगून उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखरही तपासून घ्यावी. आणि जे बरीच वर्षं मेटफॉर्मिनची गोळी घेत आहेत, त्यांनी अधूनमधून ब१२ बघावं; ती गोळी ब१२ कमी करते आणि त्याने होणारी पायांची बधिरता मधुमेहाचीच समजून सोडून दिली जाते.