मोजक्या पैशांत मध्य युरोप : दोन विद्यार्थी मित्रांच्या प्रवासाचे गणित

परदेशी शिक्षणासाठी गेलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्राची परीक्षा संपताच नकाशा खुणावू लागतो. पुण्याहून गोव्याला जावे तितक्या अंतरात तेथे दुसरा देश, दुसरी भाषा आणि अनेकदा दुसरे चलन सुरू होते. इतक्या जवळ येऊन काहीच न पाहता परतायचे का, हा प्रश्न स्वाभाविक असतो. मात्र त्याच वेळी शैक्षणिक कर्जाचा आकडा आणि घरच्यांनी तारण ठेवलेली मालमत्ता डोळ्यांसमोर असते. अशा वेळी एखाद्या मित्राबरोबर, आखीव खर्चात केलेली सहल हा मधला मार्ग ठरतो. तो सुखाचा व्हावा यासाठी परवाना, प्रवास, निवास आणि मैत्री या चारही बाबींचा विचार आधीच करावा लागतो.

२०२२-२३ च्या हिवाळी सत्रात जर्मनीतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ४२ हजारांवर गेली आणि चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकून भारतीय पहिल्या क्रमांकावर आले. त्यांत महाराष्ट्रातून गेलेल्यांचाही समावेश आहे. म्हणून येथे जर्मनीत शिकणारा विद्यार्थी आणि ड्रेस्डेन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट हा मार्ग उदाहरणादाखल घेतला आहे.

खिशात नेमके किती?

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी निर्वाहाची रक्कम गोठवलेल्या खात्यात दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. खात्यातून दरमहा तेवढीच रक्कम हाती येते. त्यातून खोलीभाडे आणि आरोग्य विमा वजा जाता उरते ते जेवणखाण, पुस्तके आणि फोन यांनाच पुरते. २०२५ च्या अखेरीस एका युरोला शंभराहून अधिक रुपये मोजावे लागत होते, हे ध्यानात घेतले तर कर्जाच्या रकमेतून सहल करणे किती महाग पडते ते कळते. व्याज तर सहलीच्या छायाचित्रांवरही चढतच राहते.

यावर तेथील विद्यार्थ्यांनी शोधलेला उपाय म्हणजे अर्धवेळ कामाच्या कमाईतूनच सहल करणे. १ मार्च २०२४ पासून जर्मनीत परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. त्या कमाईतला ठरावीक भाग बाजूला टाकला तर सत्र संपेपर्यंत आठवडाभराच्या सहलीची बेगमी होऊ शकते. रक्कम जमल्यावर तिचे तीन भाग करावेत. पहिला आधीच भरायच्या तिकिटांचा व निवासाचा, दुसरा रोजच्या खर्चाचा आणि तिसरा अडीअडचणीचा. तिसऱ्या भागात निदान एका रात्रीचा मुक्काम आणि ऐन वेळी काढलेले परतीचे तिकीट एवढे पैसे असलेच पाहिजेत. हा भाग खर्च न होता परत आला तरच सहल अंदाजपत्रकात बसली असे म्हणावे.

परवाना आणि पारपत्र

लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी १४ जून १९८५ रोजी झालेल्या कराराने युरोपातील प्रवासाचे रूप पालटले. २६ मार्च १९९५ पासून सदस्य देशांमधील सीमेवरची तपासणी प्रत्यक्षात उठू लागली. १ जानेवारी २०२५ रोजी बल्गेरिया व रुमानिया पूर्णपणे सामील झाल्यानंतर या क्षेत्रात २९ देश झाले. यांपैकी एका देशाचा वैध निवास परवाना हाती असलेल्या भारतीय विद्यार्थ्याला इतर सदस्य देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाविना फिरता येते. भारतातून येणाऱ्या पर्यटकाला जून २०२४ पासून ९० युरो व्हिसा शुल्क आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. परवानाधारक विद्यार्थ्याचा यातील व्हिसा शुल्काचा खर्च वाचतो.

मात्र ब्रिटन, आयर्लंड आणि सायप्रस हे देश शेंगेन क्षेत्रात नाहीत. लंडनला जाण्याचा बेत आखताना वेगळा व्हिसा लागतो, ही बाब अनेकांच्या उशिरा लक्षात येते.

सीमेवर कोणी विचारत नाही म्हणून पारपत्र खोलीवर ठेवून निघणे ही दुसरी चूक. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भू-सीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आणि नंतर तिची मुदत वाढवत नेली. बस थांबवून कागदपत्रे मागितली जातात तेव्हा विद्यापीठाचे ओळखपत्र चालत नाही. मूळ पारपत्र आणि मूळ निवास परवाना दोन्ही जवळ हवेत. परवान्याची मुदत संपत आली असेल आणि नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असेल, तर मिळालेल्या तात्पुरत्या दाखल्यावर देशाबाहेर जाऊन परत येता येईल का, हे परदेशी नागरिकांच्या स्थानिक कार्यालयात लेखी विचारूनच तिकीट काढावे. स्वस्त तिकिटाच्या मोहात हा मुद्दा सुटला, तर पणाला लागते ते पुढचे सारे शिक्षण.

रूळ, रस्ता आणि आकाश

युरोपीय तरुणांच्या स्वस्त भटकंतीचा पाया रेल्वेने घातला. १९७२ मध्ये सुरू झालेला इंटररेल पास प्रारंभी २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी होता आणि २१ देशांत चालत असे. आज तो ३३ देशांत चालतो आणि २७ वर्षांपर्यंतच्या प्रवाशांना सवलतीत मिळतो. युरोपबाहेरच्या रहिवाशांसाठी युरेल हा निराळा पास आहे. येथे नागरिकत्व नव्हे, तर वास्तव्य पाहिले जाते. त्यामुळे जर्मनीत राहणारा भारतीय विद्यार्थी इंटररेलला पात्र ठरतो, तर त्याला भेटायला भारतातून आलेल्या मित्राला युरेल घ्यावा लागतो. काही वेगवान व रात्रीच्या गाड्यांसाठी पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात. चार-पाच शहरांच्या छोट्या सहलीला सुटी तिकिटे बरेचदा स्वस्त ठरतात, म्हणून दोन्ही हिशेब कागदावर मांडून पाहावेत.

जर्मनीच्या हद्दीत मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेले मासिक डॉइचलांड-टिकेट उपयोगी पडते. जानेवारी २०२६ पासून त्याची किंमत ६३ युरो आहे. अनेक विद्यापीठांत ते सत्र शुल्कातच सवलतीने मिळते. त्यावर प्रादेशिक गाड्या, ट्राम व बस चालतात, अतिवेगवान व लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. ड्रेस्डेनहून एल्बे नदीच्या काठाने सीमेजवळच्या बाड शांडाऊपर्यंत हेच तिकीट पुरते. तेथून स्थानिक गाडीने चेक हद्दीतील देचिन गाठून पुढचे तिकीट घेता येते. वेळ अधिक लागतो, पण दरीतील वाळूच्या खडकांचे सुळके पाहण्यासाठी लोक मुद्दाम याच मार्गाने जातात. हे तिकीट वर्गणी पद्धतीचे आहे. महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केले नाही, तर पुढच्या महिन्याचेही पैसे खात्यातून जातात.

२०१३ मध्ये जर्मनीने लांब पल्ल्याच्या बससेवेवरील निर्बंध उठवले आणि स्वस्त बसगाड्यांचे जाळे पसरले. रात्रीच्या बसने मुक्कामाचा खर्च वाचतो. सलग दोन रात्री असा प्रवास केला तर तिसरा दिवस झोपण्यात जातो, हेही तितकेच खरे. स्वस्त विमानाच्या तिकिटात सामानाचे पैसे आणि विमानतळ ते शहर हा प्रवास धरलेला नसतो. पॅरिसच्या नावाने विकले जाणारे बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे.

शहरातील वाहतुकीत तिकीट विकत घेणे पुरेसे नसते. प्रागमध्ये कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. शिक्का नसलेले तिकीट हे तिकीट नसल्यासारखेच आणि दंड जागच्या जागी वसूल होतो.

मुक्काम आणि मुदपाकखाना

तरुणांसाठी स्वस्त वसतिगृह ही कल्पना रिशार्ड शिरमान या जर्मन शिक्षकाची. १९०९ मध्ये मुलांना पायी सहलीला नेले असता वादळात सापडून त्यांना एका शाळेत रात्र काढावी लागली. सुट्टीत रिकाम्या असणाऱ्या शाळा वाटसरू मुलांना का देऊ नयेत, असा विचार त्यातून पुढे आला आणि १९१२ मध्ये आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी युवा वसतिगृह सुरू झाले. आज खासगी होस्टेलही गल्लोगल्ली दिसतात. चार ते बारा खाटांच्या खोलीत एक खाट मिळते. कपाट असते, कुलूप आपले न्यावे लागते. काही ठिकाणी चादर-टॉवेलचे पैसे वेगळे असतात, तर अनेक शहरांत पर्यटक कर वर द्यावा लागतो.

होस्टेल निवडताना दरापेक्षा स्वयंपाकघर आहे की नाही हे आधी पाहावे. दोघांनी मिळून भात-आमटी किंवा पास्ता शिजवला तर बाहेरच्या एका जेवणाच्या पैशांत दोन दिवस निघतात. शाकाहारी विद्यार्थ्याला तर याचा मोठा आधार असतो. भडंग, मेतकूट आणि घरून आलेल्या तयार उपम्याच्या पुड्या अशा वेळी कामी येतात. जर्मनी व ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक किराणा दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारीच खरेदी उरकावी. या मार्गावरील चारही शहरांत नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे. एक बाटली सोबत ठेवली की पाण्याचा खर्च उरत नाही.

फुकट काय, सवलतीत काय?

या मार्गावरील अनेक उत्तम स्थळांना तिकीट नाही. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात कोसळून २००५ मध्ये पुन्हा उभे राहिलेले ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्श, १३५७ मध्ये ज्याची पायाभरणी झाली तो प्रागचा चार्ल्स पूल, १४१० सालचे तेथील खगोलीय घड्याळ, व्हिएन्नातील शोनब्रुन राजवाड्याची विस्तीर्ण उद्याने, बुडापेस्टचा १८४९ मध्ये खुला झालेला साखळदंडी पूल हे सारे पायी फिरून पाहता येते. बुडापेस्टमध्ये युरोप खंडातील पहिली भुयारी रेल्वे १८९६ मध्ये धावली. त्या जुन्या मार्गावरून साध्या तिकिटात आजही जाता येते. व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरागृहात उभ्याने पाहण्याची स्वस्त तिकिटे मिळतात. संगीताची आवड असेल तर ती संध्याकाळ चुकवू नये.

संग्रहालयांच्या सवलतींत मात्र बारकावे आहेत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात २६ वर्षांखालील तरुणांना प्रवेश विनामूल्य आहे, त्यासाठी युरोपीय आर्थिक क्षेत्राचे रहिवासी असणे पुरते. जानेवारी २०२६ पासून त्या क्षेत्राबाहेरच्या पर्यटकांना तेथे ३२ युरो पडतात. म्हणजे निवास परवान्याचे कार्ड दाखवणारा भारतीय विद्यार्थी तेवढे पैसे वाचवतो. इटलीतील सरकारी संग्रहालयांत १८ ते २५ वयोगटासाठी असलेले २ युरोंचे तिकीट युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे, तेथे केवळ वास्तव्य चालत नाही. नियमात ‘रहिवासी’ लिहिले आहे की ‘नागरिक’, हे नीट वाचावे.

पैसे बदलताना आणि आजारपणात

या मार्गावर जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकियात युरो, चेक प्रजासत्ताकात कोरुना आणि हंगेरीत फोरिंट चालतो. कार्डाने पैसे देताना यंत्र ‘युरोत की स्थानिक चलनात’ असे विचारते, तेव्हा स्थानिक चलन निवडावे. अन्यथा यंत्राच्या मालकाने ठरवलेला महागडा दर लागतो. प्रागमधील चलन बदलणाऱ्या दुकानांत फसगत झाल्यास एक कायदेशीर मार्ग आहे. १ एप्रिल २०१९ पासून १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून पैसे परत मागता येतात. त्यासाठी पावती जपून ठेवावी.

जर्मनीतील सार्वजनिक आरोग्य विमा घेतलेल्या विद्यार्थ्याच्या कार्डाची मागील बाजू युरोपीय आरोग्य कार्ड म्हणून चालते. परंतु बिगर-युरोपीय नागरिकांना डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडमध्ये तिचा उपयोग होत नाही. तेथे जायचे असेल किंवा विमा खासगी असेल, तर प्रवास विमा वेगळा काढावा. ११२ हा आपत्कालीन क्रमांक युरोपीय संघात सर्वत्र चालतो. पारपत्र वा परवाना हरवल्यास आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास, हा क्रम असतो. प्रती एकमेकांच्या फोनमध्ये ठेवल्या तर एकाची बॅग गेली तरी काम अडत नाही.

दोन खिसे, एक मैत्री

खर्चाची सर्वांत अवघड बाजू कोणत्याही तक्त्यात येत नाही. दोन मित्रांची ऐपत क्वचितच सारखी असते. एकाला शिष्यवृत्ती असते, दुसऱ्याच्या घरी दर महिन्याला कर्जाचा हप्ता भरला जातो. अशा वेळी ज्याचा खिसा लहान, त्याच्या मापाने अंदाजपत्रक आखणे शहाणपणाचे. हा विषय निघण्यापूर्वीच मोठ्या खिशाच्या मित्राने तो काढावा, कारण दुसरा संकोचाने गप्प बसतो आणि खोलीवर परतल्यावर महिनाभर पाव-भातावर काढतो.

जेवण, किराणा आणि निवास यांची समान वर्गणी एका सामायिक पाकिटात टाकावी. तिकिटे, खरेदी, कॉफी यांसाठी ‘तुझे तू, माझे मी’, अर्थात तरुणांच्या भाषेतील ‘टीटीएमएम’ पद्धत ठेवावी. हिशेब रोज रात्री पाच मिनिटे मांडावा. शेवटच्या दिवशी आठ दिवसांच्या पावत्या काढून बसले की चार युरोंवरूनही कटुता येते. एकाला चित्रसंग्रहालय आणि दुसऱ्याला फुटबॉलचे मैदान पाहायचे असेल, तर अर्धा दिवस वेगळे फिरून ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी भेटावे. भेटीची जागा फोन बंद पडला तरी सापडेल अशी असावी. रेल्वे स्थानकाचे मोठे घड्याळ यासाठी उत्तम.

निघण्याच्या आदल्या रात्री पारपत्र, निवास परवाना, विमा कार्ड, तिकिटांच्या प्रती, कुलूप आणि पाण्याची बाटली पिशवीत असल्याची दोघांनी एकमेकांकडून खात्री करून घ्यावी. घरी मार्ग व मुक्कामांचे पत्ते कळवावेत. भारतात रात्र झाली तरी त्या निरोपाची वाट पाहणारे कोणीतरी जागे असते.