चित्रपटाच्या फितीचें अस्सल

जुन्या कागदाची पारख करतांना आपण मजकूर मागाहून वाचतों. प्रथम कागद उजेडाकडे धरून जलचिन्ह पाहतों. चित्रपटाच्या फितीसही तसें चिन्ह असतें. ईस्टमन कोडॅक कंपनीनें इ. स. १९१६ पासून फितीच्या कडेस वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा छापण्यास आरंभ केला. त्यांवरून फीत कोणत्या सालीं तयार झाली तें कळतें. मात्र वीस वर्षांनीं त्याच खुणा पुन्हां येत, म्हणून केवळ त्यांवर भिस्त ठेवूं नये.

दादासाहेब फाळके यांनीं १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’ची कथा १९१७ सालीं पुन्हां चित्रित केली. आज उपलब्ध असलेला भाग यांपैकीं कोणत्या चित्रपटाचा, याविषयीं अभ्यासकांत वाद आहे. मूळ फितीच्या कडेची खूण कधीं कधीं नकलेवर उमटते. अशी १९१६ नंतरची खूण सांपडल्यास ती बहुमोल साक्ष होईल; अर्थात् ती मधल्या एखाद्या नकलेची नव्हे, ही खातरी आधीं व्हावी.

डिजिटल कॅमेऱ्यानें टिपलेल्या चित्रास कडच नाहीं. त्याची शंभरावी नक्कल पहिलीशीं तंतोतंत जुळते, आणि तीवरील तारीख कोणासही फिरवितां येते. ही नक्कल निरुपयोगी असें आम्ही म्हणत नाहीं. नायट्रेटची फीत सहज पेटते, आणि २००३ सालीं पुण्यांत अशा फितींचा मोठा सांठा जळून गेला. परंतु डिजिटल प्रत घेतांना बहुधा चित्राची चौकट तेवढीच उतरवितात. संग्राहकांनीं ती दोन्ही कडांसह घ्यावी, व मूळ फीत टाकूं नये, ही आमची विनंती आहे.