ढोल गेला, पाय राहिले

मंगळागौरीला झिम्मा रंगात आला की ढोलकी कुणाला आठवते? टाळी आणि पाय पुरतात. आज आम्ही पायांचीच गोष्ट सांगणार आहोत. ती सुरू होते दूर अमेरिकेत.

तिथं साउथ कॅरोलायना भागात आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं गुलाम म्हणून राबत होती. १७३९ मध्ये त्यांतल्या काहींनी बंड केलं. ढोल वाजवत ते निघाले आणि वाटेत आणखी माणसं येऊन मिळाली. बंड चिरडलं गेलं. पुढच्याच वर्षी कायदा झाला, गुलामांनी ढोल आणि शिंग वाजवायचं नाही.

ढोल काढून घेता येतो हो, पण ताल कसा काढून घेणार? तो मांडीवरच्या थापेत आला, टाळीत आला, जमिनीवर पडणाऱ्या पायांत आला. शंभरेक वर्षांनी न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स नावाच्या गरीब वस्तीत ही काळी माणसं आणि पोटासाठी आयर्लंडहून आलेली माणसं शेजारी राहत होती. आयरिश लोकांचाही पाय आपटून नाचायचा नाच होता. एकमेकांचं बघत, पैजा लावत जो नाच घडत गेला तो टॅप. बुटाच्या चवड्याला आणि टाचेला धातूची पट्टी लागली ती नंतर.

आता आपल्याकडचं कथक. कथा सांगणारा तो कथक. देवळापासून दरबारापर्यंत हा नाच गेला. लखनौचा नवाब वाजिद अली शाह त्याचा मोठा शौकीन. १८५६ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, आणि दरबारावर जगणाऱ्या कलावंतांचा आधार तुटला. पुढं नाचणाऱ्या बायांविरुद्ध मोहीमच निघाली. ज्या तवायफांनी हा नाच सांभाळला, त्यांनाच बदनाम केलं गेलं. नाच पुढं प्रतिष्ठेचा झाला, पण गुरूंची नावं पुस्तकात चटकन सापडतात, या बायांची शोधत बसावी लागतात. लावणीवालीच्या वाट्याला काय आलं, ते तुम्हाला आम्ही काय सांगावं?

हे दोन नाच समोरासमोर आले २००४ मध्ये, अमेरिकेतल्या एका नृत्यमहोत्सवात. मूळचे कलकत्त्याचे कथक गुरू पंडित चित्रेश दास तेव्हा साठीचे होते. टॅप नाचणारा जेसन सॅम्युएल्स स्मिथ पंचविशीच्या आतला, काळा तरुण. रंगमंचामागेच दोघांचे पाय बोलू लागले. त्यातून ‘इंडिया जॅझ स्वीट्स’ हा कार्यक्रम उभा राहिला.

एकाचे पाय अनवाणी, घोट्याला शंभराच्या वर घुंगरं. दुसऱ्याच्या पायात खणखणणारे बूट. जमलं कसं? तीनतालाच्या मात्रा १६, चार-चारचे चार भाग. जॅझमध्येही चार-चार मोजतात. चार वेळा चार, सोळाच! पंडितजी तोंडानं बोल म्हणणार, पायानं तेच काढणार, आणि जेसन बुटांनी जबाब देणार. कथकात तिहाई असते, एकच तुकडा तीनदा घ्यायचा आणि शेवटची थाप बरोबर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर आणायची. आम्ही इथं स्टुडिओत टेबलावर करून बघितलं. पाचव्यांदा जमलं, तेही हसत-हसत.

याला मिसळ म्हणतात, ते आम्हाला पटत नाही. जात्याला दोघी बसतात तेव्हा खुंटा एकच असतो, पण हात ज्याचे-त्याचे. इथंही कथक कथकच राहिलं आणि टॅप टॅपच.

२०१५ मध्ये पंडितजी गेले. त्यांच्या शिष्या रीना मेहता आणि रचना निवास यांनी मग टॅप नाचणाऱ्या मिशेल डोरन्स आणि डॉर्मेशिया यांना सोबत घेतलं. चौघी बायका, दोघी घुंगरांत आणि दोघी बुटांत. कार्यक्रमाचं नाव त्यांनी ठेवलं ‘स्पीक’. म्हणजे, बोल!