हवेचा सातबारा

शेजारची पोरगी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मध्यंतरी एका रात्री नऊला ब्रेडबोर्ड घेऊन आमच्या ओट्यावर आली. "काका, तीन दिवस झाले, नुसते शून्य येतायत. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर विचारा ना." पत्रकाराला सगळं माहीत असतं असा आमच्या गल्लीत गैरसमज आहे, तो मी मुद्दाम दूर करत नाही.

तिला करायचं होतं ते साधं. त्यांची विहीर घरापासून किलोमीटरभर. शेतीपंपाची थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत तिचे वडील दोन-दोनदा उठून बॅटरी घेऊन विहिरीवर जातात, लाइट आली का बघायला. वाटेत ऊस, उसात बिबट्याची बातमी. (ती बातमी मीच दिली होती.) मोबाईलवर चालणारे स्टार्टर बाजारात मिळतात, पण विहिरीच्या खळग्यात रेंज नाही. म्हणून तिने ठरवलं, विहिरीवर एक आर्डुइनो, घरी एक आर्डुइनो, दोन्हीला एकेक रेडिओ. लाइट आली की घरी दिवा लागेल. मोटर चालू करणं पुढचं पुढे.

रेडिओ म्हणजे एनआरएफ२४ नावाचा काडेपेटीहून लहान तुकडा. पाठवतोही आणि ऐकतोही, म्हणून ट्रान्सीव्हर. नॉर्वेच्या नॉर्डिक सेमीकंडक्टर कंपनीची चिप, पण ऑनलाइन स्वस्तात येतं त्यावर नॉर्डिकची असेलच असं नाही, नकला भरपूर.

पहिला तुकडा तिने जाळला होता. आर्डुइनो पाच व्होल्टवर चालतं म्हणून यालाही पाच व्होल्ट दिले. याला ३.६ च्या वर सोसत नाही, ३.३ च द्यायचे. दुसऱ्याला शून्य येत होते, कारण तिने दोन तारांची अदलाबदल केलेली. सिरियल जोडणीत एकाची पाठवायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या तारेला जोडतात, ती सवय. इथे तसं नाही. मिसो मिसोला, मोसी मोसीला. हे सांगितलं माझ्या एका मित्राने, टीव्ही दुरुस्त करायचा, आता सीसीटीव्ही बसवतो. फोनवरच म्हणाला, "सगळे शून्य किंवा सगळे एफएफ दिसत असतील तर रेडिओचा विचारच करू नको, आधी तारा बघ. चिप आणि बोर्ड एकमेकांशी बोलतच नाहीयेत." तारा बदलल्या, आकडे आले.

आकडे आले पण निरोप जाईना. पाठवायच्या क्षणी हा तुकडा एकदम करंट ओढतो आणि आर्डुइनो उनोची ३.३ ची पिन जेमतेम ५० मिलीअँपिअर देते. लांब पल्ल्याचा अँटेनावाला प्रकार तर शंभराच्या वर मागतो. मित्र म्हणाला, तुकड्याच्या पायापाशीच दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाक आणि अँटेनावाल्याला वेगळा सप्लाय दे. तेवढ्याने टेबलावर काम झालं. पलीकडच्या खोलीत नेलं की निम्मे निरोप गळायचे. घरात वायफाय.

तिने परदेशी धडा शोधला, त्यातली एक ओळ बदलली, चॅनेल १०८ केलं, आणि सगळं सुरळीत! पोरगी खूश. मी सहज विचारलं, १०८ म्हणजे नेमकं कुठं? हिशोब सोपा निघाला. २४०० मध्ये चॅनेलचा नंबर मिळवायचा, उत्तर मेगाहर्ट्झमध्ये. म्हणजे २५०८. धड्यात कारणही दिलेलं, वायफायच्या वर आहे म्हणून शांत आहे.

शांत का आहे, हे मात्र धड्यात नव्हतं. शांत अशासाठी की ती जमीन दुसऱ्याची आहे.

आता जरा मागे जाऊ. १८८५ चा भारतीय तार कायदा म्हणतो, तारयंत्रणा हा केंद्र सरकारचा खास अधिकार. हाइनरिख हर्ट्झने बिनतारी लहरी प्रयोगात दाखवल्या १८८७-८८ मध्ये. म्हणजे कायदा आधी आणि लहरी नंतर! पुढे व्याख्या ताणून बिनतारीही त्यात बसवली. १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा आणखी पुढचा, परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा. वाजवायचा रेडिओही त्यात आला. आमच्या माळ्यावरच्या पेटीत आजोबांचं रेडिओ लायसनचं पुस्तक अजून आहे, दरवर्षी पोस्टात पैसे भरून घेतलेल्या नोंदींचं. चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल. ती पद्धत ऐंशीच्या दशकात बंद झाली.

ऐकण्याला लायसन, तर पाठवणाऱ्याचं काय होत असेल? १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. ४२.३४ मीटरवर, म्हणजे आजच्या भाषेत सात मेगाहर्ट्झच्या आसपास. पोलीस मागावर, त्यामुळे दर थोड्या दिवसांनी जागा बदलायची. १२ नोव्हेंबरला पकडले गेले. उषाताईंची शिक्षा येरवड्यात गेली. देश स्वतंत्र झाला, पण १९३३ चा कायदा तसाच राहिला.

त्याच सुमारास, १९४७ साली, अमेरिकेत अटलांटिक सिटीला आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि काही पट्टे उद्योग, विज्ञान, वैद्यक यांच्या यंत्रांना दिले. त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा. तो बोलण्यासाठी नव्हताच, तापवण्यासाठी होता. मायक्रोवेव्ह ओव्हन तिथेच चालतो. अशा गोंगाटात कोण रेडिओ लावणार, म्हणून तो पट्टा पडीक. गावात गायरान असतं ना, तसं.

गायरान उघडलं १९८५ साली. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगात मायकेल मार्कस नावाचे अभियंता होते. त्यांनी नेट लावला आणि त्या मे महिन्यात आयोगाने परवानगी दिली की ठरावीक ताकदीच्या आत, लहर पसरून पाठवणारी यंत्रं इथे बिनपरवाना चालतील. अट एकच, दुसऱ्याचा त्रास सोसायचा आणि परवानेवाल्याला त्रास द्यायचा नाही. वायफाय, ब्लूटूथ, आमच्या पोरीचा तुकडा, ही सगळी त्या गायरानावरची वस्ती. तिथे वायफायचा त्रास झाला म्हणून तक्रार करायला जागा नाही, तो त्रास कराराचा भाग आहे.

आपल्याकडे हे व्हायला आणखी वीस वर्षं लागली. मधल्या काळात एक मोठी गोष्ट झाली, तिचा पत्रकार म्हणून मला अभिमान वाटतो. फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि माहिती-प्रसारण खातं यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत, आपले मराठी. पुढे ते प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सामन्याचे हक्क कुणाला मिळाले हे लोक विसरले, हे वाक्य उरलं.

आणि जानेवारी २००५ मध्ये केंद्राने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ पट्टा ताकदीची मर्यादा घालून परवानामुक्त केला. त्याच वर्षी मार्चमध्ये ८६५ ते ८६७. योगायोग बघा, आर्डुइनो जन्मलं तेही २००५ मध्येच, इटलीतल्या इव्रिया गावात, विद्यार्थ्यांना परवडावं म्हणून. नाव तिथल्या एका बारवरून. आमच्या ओट्यावर जे चाललं होतं ते कायद्याने शक्य झालं त्या वर्षी. त्याआधी तिने हेच केलं असतं तर १९३३ चा कायदा होताच. (२०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा केला, या दोन्ही जुन्यांच्या जागी.)

तर गायरानाची हद्द २४८३.५ ला संपते. चॅनेल ८३ च्या पुढे गेलात की बांध ओलांडला. अमेरिकेतही मुक्त पट्टा तिथेच संपतो, म्हणजे धडा लिहिणाऱ्याने त्याच्या देशातही बांध कोरलाच होता. आणि २५०० चा पट्टा आपल्याकडे २०१६ च्या लिलावात मोबाईल कंपन्यांनी पैसे मोजून घेतलाय. चिप १२५ पर्यंत जाते, कारण चिपला सातबारा वाचता येत नाही.

मी हे सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला. "पण काका, मला कुठं कुणी सांगितलं?" खरं आहे. हे नियम राजपत्रात आहेत, इंग्रजीत आणि हिंदीत. तिच्या पुस्तकात मॉड्युलेशनची सूत्रं आहेत, भारतात कुठला पट्टा मोकळा आहे याचा तक्ता नाही. मीही वीस वर्षं बातम्या लिहितोय, लिलावाच्या हजारो कोटींच्या लिहिल्या, फुकट पट्ट्यांची एक ओळ लिहिली नाही. ती चूक माझीपण आहे.

तिने चॅनेल ७६ वर आणलं, वेग कमी करून २५० केबीपीएस ठेवला, घरात चाललं. शेतात मात्र ऊस आडवा आला. पाण्याने भरलेली पानं २.४ गिगाहर्ट्झ पिऊन टाकतात. शेवटी लोरा घेतलं. हे तंत्र फ्रान्समधल्या ग्रेनोबलचं, खालच्या फ्रिक्वेन्सीवर, हळू बोलतं पण लांब जातं.

आणि पुन्हा तोच खड्डा! नमुना प्रोग्रॅममध्ये आकडा होता ९१५. तो अमेरिकेचा, त्यांचा मोकळा पट्टा ९०२ ते ९२८. आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये मोबाईल फोन टॉवरशी बोलतो. म्हणजे तुमच्या शेतातला डबा गावाच्या फोनच्या बोलण्यात तोंड घालणार. या वेळी तिने आधी विचारलं. भारतासाठी ८६५ ते ८६७, डिसेंबर २०२१ पासून ८६८ पर्यंत. तिने ८६६ टाकलं, अँटेनाही त्याच मापाचा मागवला. दोन्ही डब्यांत आकडा सारखा हवा, एकात जुना ९१५ राहून गेल्याने एक संध्याकाळ वाया गेली ती वेगळीच.

आठवड्यापूर्वी रात्री पावणेबाराला त्यांच्या पडवीत दिवा लागला. वडील तरी बॅटरी घेऊन विहिरीवर गेलेच, खरंच लाइट आली का ते बघायला. आली होती. मोटर अजून हातानेच चालू करतात. स्टार्टरला रिले जोडायचं ती म्हणते, पण ४४० व्होल्टच्या पेटीत हात घालायला वडिलांची परवानगी नाही, आणि त्यात मी तिच्या बाजूने बोलणार नाही.