पावती कोणाच्या नावावर

लालबागला आमच्या गावकीची खोली होती. दहा बाय बारा, पुढे सामाईक गॅलरी, टोकाला मोरी आणि संडास. चिपळुणाकडच्या आमच्या अलोऱ्यातून किंवा शेजारच्या वाड्यांतून गिरणीत लागायला निघालेला माणूस आधी त्या खोलीवर उतरायचा. भाडं गावकी भरायची. पावती मात्र एकाच माणसाच्या नावाने फाटायची, कारण घरमालक गावाला खोली देत नाही, माणसाला देतो. ज्याचं नाव होतं तो आमच्याच भावकीतला, सरळ माणूस. त्याच्या हयातीत त्या कागदाकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

आमचे अण्णा तिथे पोचले ते पाण्यावरून. अलोऱ्याहून चिपळूण, गोवळकोटच्या धक्क्यावरून वाशिष्ठीतून होडीने दाभोळ, तिथे आगबोट, आणि दुसऱ्या दिवशी भाऊचा धक्का. डोक्यावर ट्रंक, ट्रंकेत कुळीथ आणि आमसुलं. खोलीवर पोचल्यावर त्यांना पहिला प्रश्न विचारला गेला, "पाळी कोणती?" कारण झोपायची जागा पाळीवर ठरायची. रातपाळीवाला सकाळी येऊन ज्या जागी आडवा व्हायचा तिथून पहिल्या पाळीवाला नुकताच उठलेला असायचा. वळकट्या भिंतीला, ट्रंका एकावर एक, प्रत्येकाला एक खुंटी. जेवण खानावळवालीकडे, पगाराच्या दिवशी हिशेब. गौरी-गणपतीत खोली ओस पडायची आणि घरमालकाचा भय्या त्या दिवसांत निवांत गॅलरीत खाट टाकायचा.

मी पुढे पतपेढीत हिशेबनीस झालो, त्यामुळे असेल, पण मला त्या खोलीतली सगळ्यात मोलाची वस्तू वाटते ती वही. लाल कापडी बांधणीची, खतावणीसारखी. एका बाजूला वर्गणी, दुसऱ्या बाजूला दिलेली उचल. कोणाला बहिणीच्या लग्नाला, कोणाला चिऱ्याला आणि मंगलोरी कौलांना. अलोऱ्यातली गवती घरं जाऊन जांभ्याच्या भिंती आल्या त्या या उचलीवर. खोलीची पगडीसुद्धा अशीच वर्गणीतून भरली होती. दोन जामीन, दरमहा हप्ता, आणि थकबाकीदाराचं नाव गावच्या होळीला मोठ्याने वाचायचं. वसुलीची ही पद्धत पतपेढीच्या नियमावलीत बसली नसती, पण आमच्या पतपेढीपेक्षा त्या वहीत बुडीत कर्जं कमी होती.

मुंबईत कामगारासाठी सरकारने घरं बांधली नाहीत असं नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट आला, त्याने गल्ल्या पाडल्या, चाळीही बांधल्या. पहिल्या महायुद्धानंतर जागेची टंचाई इतकी झाली की गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये विकास खातं काढलं. त्यासाठी लोकांकडून कर्ज उभारलं आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवला. म्हणजे गिरणीत जाणारा कापूस गिरणी कामगाराच्या खोलीचा खर्च भागवणार, असा बेत. पन्नास हजार खोल्या ठरल्या होत्या. झाल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीच्या त्याच बी.डी.डी. चाळी: एकूण २०७, प्रत्येकीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. काँक्रीटच्या त्या अंधाऱ्या खोल्या सुरुवातीला बऱ्याच रिकाम्या राहिल्या. कामगाराला गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात, आपल्या गावच्या माणसांत, वाटून घेता येईल अशी जागा हवी होती. साहेबाने हिशेब कुटुंबाचा केला, आणि कुटुंब तर होतं चिपळुणाकडे.

मग १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं धरलं गेलं. आमच्यासारख्यांना याचा फायदा झाला, हे आधी सांगितलं पाहिजे. त्या कायद्याविना गिरणगाव गिरणी कामगारांचं उरलंच नसतं. पण हिशेबनिसाच्या नजरेने पाहिलं की त्यातली खोच दिसते. भाडं गोठलं तसा घरमालकाने दुरुस्तीतून हात काढला. भाडेकरूला दुरुस्ती करायची हौस होती, पैसे नव्हते. आणि त्याला कर्ज द्यायचं तर तारण काय? खोली त्याची नाही. घरमालकाची इमारत, पण तिचं उत्पन्न इतकं कमी की त्यावर कोणती बँक त्याला उभं करणार? पगडीचा व्यवहार तर १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा येईपर्यंत उघडपणे कागदावर येऊच शकत नव्हता. लाखो लोक राहत असलेली घरं अशी पन्नास वर्षं कर्जाच्या कक्षेबाहेर राहिली. जिने कुजले, सज्जांना टेकू लागले.

पावसाळ्यात इमारती पडू लागल्या तेव्हा सरकारने १९६९ मध्ये दुरुस्ती आणि पुनर्बांधणीचा कायदा केला, १९७१ मध्ये त्यासाठी मंडळ आलं. शहर भागातल्या अशा १९,६४२ इमारतींवर उपकर बसवला आणि त्या पैशांतून दुरुस्ती सुरू झाली. यातल्या १६,५०२ इमारती १९४० च्या आधीच्या. उपकर कमी, इमारती जास्त. आमच्या चाळीला लोखंडी तुळया मिळाल्या, गॅलरीला नवा कठडा मिळाला, मोरीचा पाइप मात्र तोच. १९७७ मध्ये म्हाडा आली आणि हे मंडळ तिच्यात गेलं.

त्याच दशकात आमच्या गावात उलटा प्रकार घडत होता. कोयनेच्या तिसऱ्या टप्प्यासाठी कोळकेवाडी धरण आणि वीजघर झालं, आणि अलोऱ्यात प्रकल्पाची वसाहत उभी राहिली. सरळ रस्ते, नळ, वीज, दवाखाना, शाळा. ज्या गावातली माणसं लालबागला खुंटीवर संसार टांगून राहत होती त्याच गावात साताऱ्या-कोल्हापूरकडचे लोक क्वार्टर्समध्ये राहायला आले, भाडं पगारातून कापून. आमचे काका त्या कामावर मजूर म्हणून लागले. ते अण्णांना पत्रात लिहायचे, "दादा, इथे बटन दाबलं की उजेड." कोयनेच्या जलाशयात ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी मात्र तेव्हा पुनर्वसनाचा कायदाही नव्हता; तो राज्याने केला १९७६ मध्ये. काम संपलं तशी माणसं बदलून गेली, आणि आज त्यातल्या बऱ्याच क्वार्टर्स पडीक आहेत, खिडक्यांतून वेली आत गेल्या आहेत. सरकारी मालकीच्या म्हणून गावाला घेता येत नाहीत, आणि सरकारला त्यांचं काही करायचं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. संपाच्या वर्षी वहीत वर्गणीचा रकाना जवळजवळ कोरा आहे आणि उचलीचा भरलेला. अण्णा गावी आले ते परत गेले नाहीत. गिरण्यांच्या जमिनींवर पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जमीन विकायची तर एक तृतीयांश म्हाडाला, एक तृतीयांश महापालिकेला, असा १९९१ च्या विकास नियमावलीतला नियम होता. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि ही वाटणी फक्त रिकाम्या जागेपुरती राहिली. गिरण्यांच्या आवारात रिकामी जागा ती किती असणार! सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल कायम केला.

आमच्या चाळीलाही विकासक आला. नियमावलीतलं ३३(७) कलम सांगतं की उपकरप्राप्त इमारत पाडून त्याच जागी बांधा, जुन्या भाडेकरूला फुकट घर द्या आणि वरची जास्तीची बांधणी बाजारात विका. शहर पसरत नाही, आहे त्याच फटीत उंच होतं. भाडेकरूला किमान तीनशे चौरस फूट. कागदपत्रं मागितली गेली आणि तो कागद बाहेर आला: पावती. पावतीवरचा माणूस कधीच वारला होता. नातवंडं कल्याणला. त्यांनी त्या खोलीत एक रात्रही काढली नव्हती, पण कायद्याने भाडेकरू तेच. गावकीकडे होती लाल वही, आणि पगडी कोणी भरली याचा पुरावा वहीतल्या सह्या आणि अंगठे.

गावात तीन बैठका झाल्या. वकील म्हणाला, कोर्टात गेलात तर तुमची नातवंडं निकाल ऐकतील. एका बैठकीत शिवीगाळ झाली, ती मी लिहीत नाही. शेवटी देवळात बसून तोड निघाली: घर त्यांनी घ्यावं, गावकीला ठरलेली रक्कम द्यावी. त्या रकमेत मुंबईत तेव्हा एक पार्किंगची जागा आली नसती. तरीही मी तोडीच्या बाजूने होतो आणि आजही आहे.

ती रक्कम कामाला आली ती वेगळ्याच ठिकाणी. २८ जून २०१२ ला म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्ज दीड लाखाच्या घरात. घर २२५ चौरस फुटांचं, किंमत साडेसात लाख. त्यात गावातल्या एका कामगाराचा नंबर लागला. माणूस साठीच्या पुढचा, निवृत्तिवेतन नाही, भात आणि चार काजूची झाडं. गृहकर्जाचा हिशेब वयावर चालतो. हप्ते फेडायला नोकरीची वर्षं उरलेली लागतात. मुलाला सहअर्जदार केला तर तो कंत्राटी, पगाराची चिठ्ठी नाही. बँकेने थोडंफार दिलं, बाकी बायकोचे दागिने, काजूची बाग, आणि तरी कमी पडले. पूर्वी लालबागच्या पैशांनी अलोऱ्यात घरं झाली होती. आता लालबागच्या घरासाठी अलोऱ्याची बाग गेली.

उरलेली रक्कम गावकीने दिली, खोलीच्या तोडीतून आलेल्या पैशांतून. वही नवी घेतली, रकाने जुनेच ठेवले. दोन जामीन, दरमहा हप्ता, थकलं तर होळीला नाव. गणपतीच्या महिन्यात हप्ता माफ, व्याज चालू. आणि एक अट बैठकीत म्हाताऱ्यांनी हट्टाने घालून घेतली: घराच्या कागदांची एक प्रत गावकीच्या कपाटात राहील, प्रत्येक वारसाच्या नावानिशी.