पितळ का तडकले?

मुक्ताईनगरहून भुसावळला कॉलेजला निघालेल्या मुलांना हायवेवर आधी वरणगाव लागते, मग दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या. वरणगावच्या आयुध निर्माणीत बंदुकीची काडतुसे बनतात. दीपनगरला कोळसा जळून राख उरते, ती पुढे सिमेंटमध्ये आणि विटांत जाते. रस्त्याच्या कडेला केळीच्या बागा, बागांत ठिबकच्या काळ्या नळ्या. या पुस्तकातला बराचसा अभ्यासक्रम एवढ्याच रस्त्यावर भेटतो, एस.टी.त खिडकीची जागा मिळाली तर!

'मटेरियल्स सायन्स' या विषयाला मराठी नाव देताना जरा अडखळलो. 'पदार्थविज्ञान' हे नाव भौतिकशास्त्राने केव्हाच घेऊन टाकले आहे, आणि नुसते 'पदार्थ' म्हटले की आपल्याकडे भरीत आठवते. म्हणून 'द्रव्यविज्ञान'. पण भरीत आठवले तर बिघडत नाही. तेच वांगे पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजले की भरीत, फोडणीत शिजवले की भाजी. वस्तू कशाची आहे एवढ्याने भागत नाही, तिच्यावर काय काय घडले हेही विचारावे लागते. सगळे पुस्तक या एका प्रश्नाभोवती फिरते.

पितळेचेच पाहा. काडतुसाच्या पितळेत 70 भाग तांबे, 30 भाग जस्त. पत्र्याची चकती कापायची, दाबून तिची वाटी करायची, मग ती वाटी टप्प्याटप्प्याने ओढून लांब नळी करायची. हे सारे थंड अवस्थेत होते. प्रत्येक ओढीबरोबर पितळ कडक होत जाते, म्हणून मधूनमधून ते तापवून मऊ करतात. शेवटची ओढ मात्र धातूच्या अंगात ताण ठेवून जाते. वरून तो दिसत नाही.

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची अशी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. कुणी हात लावला नाही, गोळी झाडली नाही, तरी चिरा. काडतुसे ठेवलेली असत पागेजवळ. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळेतला तो दडलेला ताण, तिघांनी मिळून धातूच्या कणांमधल्या सीमा उकलल्या. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी हे कोडे नीट उलगडून मांडले. उपाय तसा साधा निघाला: तयार काडतूस सुमारे 250 अंश सेल्सिअसला काही वेळ तापवायचे. ताण निघून जातो, कडकपणा राहतो. आपल्या गोठ्यातही अमोनिया असतोच, पण बैलाच्या गळ्यातली ओतीव पितळी घंटा काळवंडते, सहसा तडकत नाही. ती ओढून केलेली नसते ना!

ठिबकच्या नळ्यांचा काळा रंगही हौसेचा नाही. उन्हातले अतिनील किरण पॉलिथिनच्या लांब साखळ्या तोडतात आणि नळी ठिसूळ होते. मिसळलेली दोनेक टक्के काजळी ते किरण स्वतःच शोषून घेते. बाकी तपशील बहुवारिकांच्या प्रकरणात आहे.

गणिताची धास्ती नको. बारावीचे भौतिक आणि रसायन पुरेसे आहे. लोह-कार्बन आकृती मात्र पाठ करू नका, असे मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी मुले ती पाठ करतात. भुसावळ जंक्शनच्या रुळात साधारण 0.6 ते 0.8 टक्के कार्बन असतो. त्या आकड्यावर बोट ठेवून आकृतीत 727 अंशांची रेघ शोधा, रूळ थंड होताना आत काय घडले असेल ते मनाशी जुळवा. एवढे जमले तर आकृती आपसूक लक्षात राहील.

पहिले पान उलटण्याआधी एक काम करा. विजेच्या जुन्या वायरवरचे प्लास्टिक सोलून आतली जाड तांब्याची तार काढा. ती दहा-बारा वेळा वाकवा. हाताला कडक लागू लागेल. मग चिमट्यात धरून गॅसवर लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात बुडवा आणि पुन्हा वाकवा. लोहार कुऱ्हाडीला असेच पाणी देतो तेव्हा पोलाद कडक होते. तांब्याचे काय झाले आणि का झाले, हे तुमच्या शब्दांत वहीत लिहा. चुकले तरी खोडू नका. तिसरे प्रकरण संपल्यावर तेच पान पुन्हा काढून वाचा.